पश्चिमेची भिंत

गेल्या रविवारी सकाळी दहाला फोन वाजला. रविवारी दहा म्हणजे आमच्याकडे पहिला चहासुद्धा झालेला नसतो. पलीकडे ऑफिसमधला एक ज्युनियर. मूळचा कोथरूडचा, ऑनसाइट आला, इथेच रमला आणि आता बायकोसकट स्वानसीच्या एका टेकडीवर घर घेऊन बसलाय. आवाजात जाम एक्साइटमेंट.

"ताई, दारात एक माणूस आलाय. भिंतीत इन्सुलेशन भरून देतो म्हणतोय. एका दिवसाचं काम. आज सही केली तर डिस्काउंट. हीटिंगचं बिल खाली येईल म्हणे. करू ना सही?"

"तुझी पश्चिमेची भिंत कुठली?" मी विचारलं.

"अं?"

"अरे, संध्याकाळी ऊन कुठल्या भिंतीवर येतं?"

"ताई... स्वानसीत ऊन?"

मुद्दा बरोबर होता. तरी म्हटलं, "त्याला चहा पाज आणि पाठवून दे. सही करू नकोस. मी तासाभरात येते."

"रविवारी?" नवरोबा पांघरुणातून पुटपुटले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण उठून त्यांनी गुपचूप गाडीची किल्ली शोधायला घेतली. आमच्या घरात 'भिंत' हा शब्द जरा नाजूक आहे.

तर मंडळी, या वेळचा कॉलम पार्टी, शॉपिंग किंवा वीकएण्ड ट्रिपबद्दल नाही. भिंतीबद्दल आहे. आता तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईत बसून आम्हाला वेल्समधल्या भिंतीचं काय? पण तुमच्यापैकी अर्धे जण कधी ना कधी ऑनसाइट येणार, त्यातले काही इथे घर घेणार आणि त्यातल्या एखाद्याच्या दारात तो हसरा माणूस उभा राहणारच. तेव्हा दहा मिनिटं द्या.

आम्ही इथे घर घेतलं २०१४ मध्ये. १९५० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामायिक आणि बाकी तीन बाजू मोकळ्या. खिडकीतून दूरवर समुद्राची रेघ दिसायची. त्या रेघेवरच आम्ही भाळलो. समुद्र आपल्याला दिसतो, म्हणजे समुद्रावरच्या वाऱ्यालाही आपली भिंत दिसते, एवढी साधी गोष्ट दोन इंजिनिअर्सच्या डोक्यात आली नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात आमच्याही दारात तसाच एक माणूस आला होता. आमची केस तर आणखी सोपी, कारण सरकारी योजनेत सगळं फुकट. वीज आणि गॅस कंपन्यांना तेव्हा घरांची ऊर्जा वाचवायची सक्ती होती, त्या खर्चातून हे काम व्हायचं. 'फुकट' हा शब्द ऐकल्यावर मराठी माणसाचं काय होतं, ते मी सांगायला नको. सही करायला मोजून दहा मिनिटं लागली. पंचवीस वर्षांच्या गॅरंटीचा चकचकीत कागद मिळाला. एका मंगळवारी दोघे जण आले, बाहेरच्या भिंतीला ठरावीक अंतरावर बोटभर भोकं पाडली, नळीने आत लोकरीसारखं काहीतरी फुंकलं आणि भोकं बुजवून चहाच्या वेळेपर्यंत गेलेसुद्धा. भिंतीकडे कोणी दोन मिनिटं नीट पाहिल्याचं मला आठवत नाही. आम्ही तरी कुठे पाहिलं होतं?

आता जरा फंडा समजून घ्या. इथली साधारण १९२० नंतरची बहुतेक घरं दोन भिंतींची असतात. म्हणजे एक बाहेरची, एक आतली आणि मधे साधारण पाच सेंटिमीटरची पोकळी. दोन्ही भिंतींना धातूच्या पट्ट्या एकमेकींशी बांधून ठेवतात. ही पोकळी बिल्डरने विटा वाचवायला ठेवलेली नसते. ती पावसासाठी असते. बाहेरची वीट भिजणार, हे गृहीतच धरलेलं असतं. जोराचा पाऊस विटांतून, सांध्यांतून आत झिरपला की तो बाहेरच्या भिंतीच्या पाठीवरून खाली ओघळतो आणि तळाशी निघून जातो. त्या धातूच्या पट्ट्यांनासुद्धा मधे मुद्दाम पीळ दिलेला असतो. पट्टीवरून आत निघालेला थेंब त्या पिळापाशी अडतो आणि पोकळीतच खाली पडतो. आतली भिंत कोरडी राहते, कारण मधे काहीही नसतं. 'काहीही नसणं' हेच त्या जागेचं काम.

आता त्याच जागेत इन्सुलेशन भरलं की काय होतं? थंडीच्या बाजूने पाहिलं तर फायदाच फायदा. रिकाम्या पोकळीच्या भिंतीतून जेवढी उष्णता बाहेर जाते, तिच्या साधारण एक तृतीयांशच भरलेल्या भिंतीतून जाते. हा काही छोटा फरक नाही. माझी एक मैत्रीण केंब्रिजला असते. तिने २०१३ मध्ये अगदी हेच काम करून घेतलं आणि ती आजही खूश आहे. घर उबदार, बिल कमी, भिंती ठणठणीत. म्हणजे मालात खोट नाही.

मग खोट कुठे? नकाशात. इथल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाचा एक नकाशा केलाय. त्यात ब्रिटनचे चार भाग पाडलेत. एका वादळी सत्रात भिंतीच्या एका चौरस मीटरवर किती पाणी आपटतं, त्यावरून हे भाग ठरतात. सगळ्यात सुरक्षित भागात ३३ लिटरच्या आत, म्हणजे दोन बादल्याही नाहीत. सगळ्यात उघड्या भागात १०० लिटर आणि त्यापुढे, म्हणजे पाच बादल्या तरी. प्रत्येक चौरस मीटरवर! केंब्रिजसारखा पूर्वेचा भाग पहिल्या टोकाकडे. वेल्सचा बराचसा भाग, कॉर्नवॉल, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा हे दुसऱ्या टोकाला. मैत्रिणीचं घर आणि माझं घर एकाच देशात आहे, पण भिंतींचा पाऊस वेगळा आहे.

गंमत म्हणजे स्वानसीचा वर्षाचा पाऊस मुंबईच्या साधारण निम्माच. पण मुंबईचा पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने ऊन भिंती वाळवतं. इथला पाऊस बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो, आणि सरळ येत नाही, आडवा येतो. छत्री या वस्तूवरचा माझा विश्वास इथेच उडाला. भिंतीचा विश्वास उडायला थोडा वेळ लागला इतकंच.

डिसेंबर २०१५. डेस्मंड, ईव्हा, फ्रँक... एकामागून एक वादळं. आम्ही आत मस्त सिनेमे बघत बसलो होतो. जानेवारीत पश्चिमेच्या बेडरूममध्ये वॉलपेपरवर तळहाताएवढा डाग दिसला. फेब्रुवारीत तो ताटाएवढा झाला. मार्चमध्ये वॉलपेपरच्या मागचं प्लास्टर पापडासारखं सुटायला लागलं आणि त्यावर मिठासारखी पांढरी पूड दिसू लागली.

ज्यांनी काम केलं त्यांच्याकडे तक्रार केली. एक सर्व्हेअर आले. भिंतीला मीटर लावला, स्वयंपाकघरात डोकावले, गॅसवरचा कुकर पाहिला आणि निदान करून टाकलं, "कंडेन्सेशन. घरात वाफ फार आहे. तुम्ही बराच स्वयंपाक करता, नाही का? खिडक्या उघड्या ठेवा. कपडे आत वाळवू नका."

मला काय वाटलं सांगू? लाज. खरंच! जणू माझ्या वरण-भातानेच या साहेबांच्या देशाची भिंत ओली केली. पुढचं जवळजवळ वर्षभर मी कुकर लावताना एक्झॉस्ट फॅन आणि खिडकी दोन्ही चालू ठेवत होते. कपडे वाळवायला लाँड्रेटला नेत होते. भर थंडीत खिडक्या उघड्या आणि हीटिंगही फुल्ल. बिल कमी व्हायला जे काम केलं, त्याच्यामुळे बिल वाढलं. डाग मात्र आपला मजेत.

कंडेन्सेशन खोटं असतं असं नाही हं. इथल्या घरांत ते सर्रास असतं, आणि खिडकी उघडणं हा त्यावरचा खरा उपाय आहे. पण 'तुमच्या राहणीमुळे' हे वाक्य फार सोयीचं असतं. २०२० मध्ये रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळे त्याच्या श्वसनमार्गाची वाट लागली, असं २०२२ मध्ये कोरोनरच्या चौकशीत निष्पन्न झालं. त्याच्या आईवडिलांनी वारंवार तक्रार केली होती आणि त्यांच्याही राहणीकडेच बोट दाखवलं गेलं होतं. तिथलं कारण वेगळं होतं, त्या घरात हवाच नीट खेळत नव्हती. पण ती बातमी वाचताना मला आमचे सर्व्हेअर आणि त्यांचं कुकरकडे पाहणं आठवलं. आज त्या मुलाच्या नावाने इंग्लंडमध्ये कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगच्या घरमालकांना ओल आणि बुरशीच्या तक्रारीकडे ठरावीक मुदतीत लक्ष द्यावंच लागतं.

आमच्या घरात हा प्रश्न आईच्या रूपाने आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये आई पहिल्यांदा इकडे आली. तिला दमा आहे. आणि पाहुण्यांची खोली कुठली? तीच, पश्चिमेची. समुद्राची रेघ दिसते म्हणून कौतुकाने दिलेली. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता तिने दार वाजवलं. बोलता येत नव्हतं, नुसती छाती वरखाली. पंप दिला, दिवाणखान्यात बसवलं, पाठ चोळत राहिले. तास-दीड तासाने श्वास लागी आला. त्या रात्रीनंतर तिचं अंथरूण दिवाणखान्यातच. मी सकाळी त्या डागासमोर उभी राहिले आणि मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

आई मात्र बरं वाटल्यावर त्या खोलीत गेली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "अगं, ही पश्चिमेची ना? मग झड बसतेय हिच्यावर. तुझ्या कुकरचा काय संबंध?"

आईचं माहेर महाबळेश्वरचं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मे महिना संपत आला की घरांना झडी बांधतात. बांबूच्या चौकटीवर गवताची जाड झड, पावसाच्या बाजूला. चार महिने घरात अंधार, पण भिंत कोरडी. आणि आई म्हणाली ते वाक्य ऐका, "अण्णा झड कधी भिंतीला चिकटू द्यायचे नाहीत. मधे वीतभर जागा सोडायला लावायचे. चिकटली की भिंत भिजलीच म्हणून समज."

मी थक्क! पोकळीच्या भिंतीचा अख्खा सिद्धान्त आमच्या आजोबांना पाठ होता. आम्ही मात्र ती वीतभर जागा फुकटात भरून घेतली होती.

मग आईने तिच्या पद्धतीने इन्व्हेस्टिगेशन सुरू केलं. सोबत आणलेलं २०१७ चं कालनिर्णय स्वयंपाकघरात लागलं होतंच. पाऊस पडला की त्या तारखेवर 'पा', वारा समुद्राकडून असेल तर 'प', डाग ओला लागला की 'ओ'. आणि कुकर लावला की चक्क शिट्ट्यांचा आकडा. फेब्रुवारीअखेर चित्र लख्ख होतं. 'पा' आणि 'प' एकत्र आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'ओ'. शिट्ट्या कितीही होवोत. आठवडाभर कोरडं गेलं आणि रोज कुकर लागला, तरी 'ओ' नाही. वाफेची ओल अशी पावसाची वाट बघत नाही. ती थंड कोपऱ्यात, कपाटामागे, बाथरूममध्ये काळ्या ठिपक्यांनी येते.

ते दोन महिन्यांचे कागद घेऊन मी, या वेळी स्वतःचे पैसे देऊन, एक स्वतंत्र सर्व्हेअर गाठला. त्याने कालनिर्णयचे फोटो काढून घेतले! मग भिंतीला बारीक भोक पाडून आत नळीचा कॅमेरा घातला. स्क्रीनवर जे दिसलं ते असं. पट्ट्यांवर जुन्या बांधकामाच्या वेळी पडलेल्या सिमेंटच्या गाठी, त्यावर अडकलेली भिजकी लोकर, आणि बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा. भेगांतून पाणी आत येत होतं, पूर्वी ते पोकळीतून ओघळून जायचं. आता त्याला आतल्या भिंतीपर्यंत पूल मिळाला होता.

तो एक वाक्य बोलला ते लक्षात राहिलं. इन्सुलेशन म्हणजे स्वेटर आणि बाहेरची भिंत म्हणजे रेनकोट. रेनकोट फाटका असेल तर स्वेटर घालून काय उपयोग? ओला स्वेटर घालण्यापेक्षा नुसता शर्ट बरा.

गॅरंटीचं काय, विचाराल. चौदा महिने पत्रव्यवहार झाला. उत्तर असं, की गॅरंटी मालाची आणि कामाची आहे, बाहेरच्या भिंतीला भेगा असणं ही घरमालकाची जबाबदारी. भेगा आहेत का ते काम करण्याआधी बघायचं कुणी, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पत्रात नव्हतं. शेवटी २०१८ मध्ये स्वतःच्या खिशातून भिंत रिकामी करून घेतली. फुकट भरलेलं बाहेर काढायला एका सॉल्लिड युरोप ट्रिपचे पैसे गेले. ठिकठिकाणच्या विटा काढून, हवेच्या झोताने लोकर सैल करून ती शोषून घेतात. पोत्यांमधून निघालेली ती लोकर हाताला कणकेच्या गोळ्यासारखी ओली लागत होती.

नंतर गिलावा दुरुस्त केला, खिडक्यांच्या कडा बुजवल्या, पागोळ्यांचे पन्हळ बदलले. आतली भिंत नीट वाळायला पुढचा हिवाळाभर वेळ लागला. माळ्यावर मात्र २७ सेंटिमीटरचं जाड इन्सुलेशन घातलं, कारण तिथे आडव्या पावसाचा प्रश्नच नाही. पोकळी पुन्हा भरायची का, यावर नवरोबा आणि मी दोन हिवाळे भांडलो. ते म्हणायचे, आता रेनकोट शिवून झालाय, मग लोकरीऐवजी मण्यांसारखा थर्माकोल भरू, त्यातून पाणी तरी खाली झिरपतं. चुकीचं नव्हतं त्यांचं. पण गिलाव्याला परत भेग पडणारच नाही, याची हमी टेकडीवर कोण देणार? शेवटी पोकळी रिकामीच ठेवली. आमचं घर केंब्रिजच्या मैत्रिणीच्या घरापेक्षा थंड आहे, बिल जास्त येतं, आणि ते मी दर महिन्याला निमूट भरते. आई २०१९ मध्ये परत आली तेव्हा तीन महिने त्याच खोलीत झोपली.

तर रविवारी आम्ही ज्युनियरच्या घरी पोचलो. फोनमधल्या कंपासने पश्चिम शोधली. घराची रुंद बाजू थेट समुद्राकडे, मधे एक झाडही नाही. विटांच्या सांध्यांतला चुना नखाने निघत होता. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. सातवा महिना. बाळाची खोली कुठली ठरवलीय, विचारलं तर तिने हसत वर बोट केलं. पश्चिमेची. समुद्र दिसतो ना!

ज्युनियरने खिशातून तो फॉर्म काढला, एकदा भिंतीकडे पाहिलं आणि फॉर्म घडी घालून परत खिशात ठेवला. फाडला नाही. बरोबरच केलं. आधी सांधे भरून घेऊ, मग कॅमेरा घालून बघू, मग ठरवू, असं ठरलं. मग त्याच्या बायकोने कांदेपोहे केले आणि आम्ही खिडकीत बसून खाल्ले. बाहेर पाऊस सुरू झाला होता. अर्थातच आडवा.

सही करण्याआधी

• घर पावसाच्या नकाशात कुठल्या भागात येतं ते बघा. टेकडी, किनारा, मोकळं मैदान असेल तर धोका वाढतो. शेजारी घरं आणि झाडं असतील तर कमी होतो.

• वाऱ्याकडची भिंत जवळून पाहा. भेगा, सुटलेले सांधे, फुगलेला गिलावा, गळका पन्हळ. हे आधी दुरुस्त, बाकी सगळं नंतर.

• भोक पाडून कॅमेऱ्याने पोकळी दाखवायला सांगा. पोकळी पाच सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल किंवा आत सिमेंटच्या गाठी असतील, तर थांबा.

• गॅरंटीत काय नाही, ते वाचा. काय आहे, ते विकणारा सांगतोच.

• ओल आली तर तारखा लिहा. पाऊस, वाऱ्याची दिशा, डाग. दोन महिने पुरतात. कालनिर्णय नसेल तर फोनमध्ये लिहा, पण लिहा.

• 'आजच सही' म्हणणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या.